काळा दिसावा म्हणून

उत्कर्ष डिप्लोमा करून इंजिनिअर झाला तेव्हा त्याच्या आईनं वस्तीत पेढे वाटले. तो रस्त्याच्या कामावर लागला तेव्हा वस्तीनं त्याच्या आईला विचारायला सुरुवात केली, की आपला रस्ता कधी. रत्नमालाबाईंनी हे विचारणं बरीच वर्षं हसून ऐकून घेतलं. पोरगा कधी रिसोडकडे, कधी केनवडच्या पुढे दुसऱ्यांचे रस्ते गुळगुळीत करत फिरायचा, आणि सुटीला घरी निघाला की किन्हीराजाहून आत वळल्यावर त्याची मोटरसायकल स्वतःच्याच गावच्या, बोरदरीच्या, रस्त्यावर आदळत यायची. तिथली पोरं त्याला चिडवायची. तोही त्यांच्यासोबत हसायचा, पण ते हसणं काही मनापासूनचं नव्हतं.

यंदा उन्हाळा लागता लागता त्याच्या ठेकेदाराला नेमकं याच रस्त्याच्या दुरुस्तीचं काम मिळालं. रस्ता तसा पोटातून धड होता. खालची खडी शाबूत होती, दबाई पक्की होती. वरची कातडी तेवढी म्हातारी झाली होती, तिला बारीक भेगा पडल्या होत्या आणि दर पावसाळ्यात पाणी त्या भेगांतून आत उतरू पाहत होतं. असा रस्ता उकरून नवा करायची गरज नसते. झाडून स्वच्छ करायचा, गरम डांबराचा पातळ हात मारायचा, त्यावर लगेच बारीक गिट्टी पसरायची आणि रोलर फिरवायचा. कामावरची माणसं याला सील कोट म्हणतात. भेगा बुजतात, पाणी अडतं आणि रस्ता आणखी काही वर्षं निभावून नेतो. एवढं सगळं करून तो दिसतो मात्र करडा आणि खरखरीत. गाड्यांच्या चाकांनी गिट्टी दबत गेली की हळूहळू अंग धरतो, पण तोवर लोकांच्या शिव्या खातो. हे उत्कर्षला पाठ होतं. इतर गावांत तो हेच लोकांना समजावून सांगत आला होता, तेही चांगल्या ठसक्यात.

काम कागदावर शाळेपाशी संपत होतं. शाळा गावाच्या तोंडाशी, आणि तिथून एक फाटा बौद्ध वस्तीतून जाऊन टोकाच्या विहारापाशी थांबायचा. हा फाटा आजवर कधी कोणाच्या मोजमापात आला नव्हता. उत्कर्षनं त्यासाठी चपला झिजवल्या, साहेब लोकांची मनधरणी केली, ठेकेदाराच्या मागे भुणभुण लावली आणि शेवटी तो तुकडा कामात घालून घेतला. एवढं श्रेय त्याचं होतं आणि ते त्याला द्यायलाच हवं. पुढे त्यानं जे केलं त्यानं हे पुसलं जात नाही, आणि याच्यामुळे तेही पुसलं जात नाही.

जयंती तोंडावर आली होती. चौदा एप्रिलच्या आधी रस्ता व्हायचाच, असं त्यानं वस्तीला सांगून ठेवलं आणि झालाही. डांबर फवारणाऱ्या गाडीवर मोहनसिंग होता. जवळच्याच तांड्यावरचा, कमी बोलणारा, उत्कर्षच्या हाताखाली बऱ्याच कामांवर राबलेला माणूस. त्यानं हात मारला, बायांनी मागून गिट्टी टाकली, रोलर फिरला. काम असं झालं होतं की परीक्षेत पैकीच्या पैकी मिळावेत.

संध्याकाळी जयंती मंडळाचा अध्यक्ष संघदीप बघायला आला. हा उत्कर्षचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं चपलेच्या टोकानं गिट्टी उडवून पाहिली आणि म्हणाला, "उत्कर्स, हे तं गिट्टी सांडल्यावानी दिसून राह्यलं बे."

उत्कर्षनं त्याला सगळं समजावलं. संघदीपनं मान हलवली, फोटो काढला आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकला. मग ग्रुपवर जे व्हायचं तेच झालं. कोणी विचारलं डांबर संपलं होतं का. कोणी गावातल्या चावडीसमोरच्या रस्त्याचा फोटो टाकला, काळाभोर, आणि खाली लिहिलं की तिकडे रस्ता आणि आपल्या वाट्याला खडी. लिहिणाऱ्यानं गमतीनं लिहिलं असेल. उत्कर्षच्या मात्र ते वर्मी लागलं. इतर गावांत शिव्या खाऊन हसणारा माणूस आपल्या माणसांच्या एका ओळीनं रात्रभर तळमळत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोहनसिंगला गाडी परत तापवायला सांगितली. शाळेपासून विहारापर्यंत, पसरलेल्या गिट्टीवरून डांबराचा आणखी एक हात.

मोहनसिंगनं विचारलं, "अन् वरून चुरी टाकाची ना, साहेब?"

चुरी म्हणजे दगडाचा बारीक भुगा. वरून मारलेलं डांबर उघडं राहू नये, चिकटू नये, म्हणून ती पसरतात. शाळेच्या भिंतीला लागून तिचा ढीगही पडला होता. पण चुरी टाकली की रस्ता पुन्हा करडा दिसणार.

"नको," उत्कर्ष म्हणाला. "काळा राहू दे."

मोहनसिंगनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि गाडीवर चढला. त्या वेळी रत्नमालाबाई कामावरच्या माणसांसाठी चहाची किटली घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांनी मोहनसिंगच्या हातात कप दिला आणि लेकाचा हुकूम ऐकला. त्यातलं त्यांना काही कळलं नाही, पण ते शब्द लक्षात राहिले.

उत्कर्षला मात्र सगळं कळत होतं. एप्रिलच्या उन्हात उघडं डांबर वितळून वर येतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. दोन दिवसांत आवळून येईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे हेही त्याला माहीत होतं, पण माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा साक्षीदार कुठून आणायचे?

गाडी फिरली आणि रस्ता खरंच असा काळाभोर झाला की वस्ती दारात येऊन बघत राहिली. पोरांनी दोन्ही टोकांना बाभळीच्या काट्या लावून रस्ता बंद केला. नव्या रस्त्यावर पहिली पावलं जयंतीच्या मिरवणुकीचीच पडतील असं ठरलं, आणि पहिलं पाऊल लिलाबाईचं. लोक तोवर कडेच्या फुफाट्यातून ये-जा करत राहिले. जाता-येता रस्त्याकडे बघायचे आणि उत्कर्षच्या पाठीवर थाप मारायचे. त्याचे पाय त्या दोन दिवसांत जमिनीला लागत नव्हते.

लिलाबाई वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. दीक्षेच्या वर्षी ती परकरातली पोर होती आणि बापाचं बोट धरून नागपूरला जाऊन आली होती. तिथून परत आल्यावर तिच्या मायनं पांढरं लुगडं घेतलं. तोवर त्या बाईच्या अंगावर दुसऱ्यांनी नेसून टाकलेलं, विटलेलंच काय ते यायचं. नवं आणि पांढरं असं तिनं जन्मात पहिल्यांदा नेसलं, आणि नेसून अख्खा दिवस ती खाली बसली नाही, मळेल म्हणून. लिलाबाई ही गोष्ट दर जयंतीला सांगायची आणि ऐकणारे दर वेळी नव्यानं ऐकायचे. तिचं स्वतःचं पांढरं लुगडं वर्षभर पेटीत असायचं. जयंतीच्या आधी ती ते स्वतः धुवायची, नीळ द्यायची, आणि दोरीवर वाळत असताना कोंबड्या हाकलत समोर बसून राहायची. तिचं बघून वस्तीतल्या सगळ्याच बाया त्या दिवशी पांढरं नेसायच्या आणि डाग पडू द्यायच्या नाहीत. कोणी तसा नियम लावला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

चौदा तारखेला सकाळी विहारात वंदना झाली, पंचशील ध्वज लागला, खीर वाटली गेली. दुपारी उत्कर्ष सहज म्हणून शाळेपर्यंत आला आणि जागच्या जागी थबकला. रस्ता पाणी मारल्यासारखा चमकत होता. त्यानं वाकून बोट लावलं. बोट काळं झालं आणि उचलताना डांबराची तार निघाली.

 चुरीचा ढीग त्याच्या हाताच्या अंतरावर होता. पोरं हाताशी होती, घमेली होती, मिरवणुकीला वेळही होता. हाक मारली असती तर चार वाजायच्या आत सगळा तुकडा झाकून झाला असता. फक्त तो काळा राहिला नसता. संघदीपनं वाशीमहून ड्रोनवाला बोलावला होता, वरून शूटिंग करायला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि खाली काळाभोर रस्ता, कसं दिसेल बघ, असं तो सकाळपासून म्हणत होता.

ऊन उतरेल, असं उत्कर्ष मनाशी म्हणाला. त्यानं बोट दगडाला पुसलं आणि घरी जाऊन पांढरा शर्ट घातला.

ऊन उतरलं नाही. पाच वाजता पोरांनी काट्या बाजूला ओढल्या. पुढे लेझीमच्या पोरी, त्यांच्या मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फुलांनी मढवलेली बाबासाहेबांची प्रतिमा आणि ट्रॉलीच्या मागे पांढऱ्या साड्यांतल्या बायांची रांग. सगळ्यांच्या पुढे लिलाबाईला आणून उभं केलं. शाळेच्या कोपऱ्यावर गावातले लोक जमले होते. माजी सरपंच उकंडरावांनी या वर्षी पहिल्यांदाच मिरवणुकीसाठी सरबताचे माठ मांडले होते आणि स्वतः पेले घेऊन ते उभे होते. वर ड्रोन घरघरत होता. लिलाबाईनं प्रतिमेला हात जोडले, वळली आणि रस्त्यावर पाय टाकला. टाळ्या झाल्या.

ती थोडी चालली आणि अडखळली. चप्पल मागेच राहिली होती. ती सोडवायला वाकली तर दुसरा पाय फसला, तोल गेला, आणि म्हातारी दोन्ही हात टेकून गुडघ्यावर बसली. कोणी धावलं, कोणाच्या चपला चिकटल्या, कोणी हसलं आणि लगेच गप्प झालं. तोवर ट्रॅक्टर पुढे सरकला होता. त्याच्या चाकांनी डांबर गिट्टीसकट उचललं आणि मागे भिरकावलं. मागच्या बायांना काय होतंय ते कळेपर्यंत त्यांच्या छातीवर, पदरावर, तोंडावर काळे शिंतोडे उडाले होते.

वाजंत्री थांबली. ड्रोन मात्र वर घरघरतच राहिला, त्याला कोणी थांबवायचं हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाया ओरडल्या नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं असं उत्कर्षला पुढे किती तरी दिवस वाटत राहिलं. प्रत्येक जणी आपापला पदर असा फिरवत होती की डाग आत जावा, आणि दुसरीकडे बघत होती. कोपऱ्यावर गाव उभं होतं. उकंडराव पेले तसेच टाकून कोणाच्या तरी घरातून तेलाची वाटी घेऊन पळत आले आणि लिलाबाईचे हात चोळायला लागले. ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा ते उद्धार करत होते. लिलाबाईनं हात चोळू दिले. ती आपल्या लुगड्याकडे बघत होती. गुडघ्यापासून खाली ते काळं झालं होतं आणि पोटाजवळ तिच्याच पंजाचा ठसा उमटला होता.

मग मिरवणूक पुढे निघाली, कारण जयंती अशी मोडून टाकता येत नाही. रस्ता सोडून सगळे खाली उतरले आणि कडेच्या धुळीतून, एकामागे एक चालू लागले. नवा रस्ता बाजूला रिकामा चमकत पडला होता. लिलाबाई एका पोरीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. उत्कर्षच्या जवळून जाताना ती म्हणाली, "आमी लहान होतो तवा असंच कडेनं चालो. गावचे लोक सडकेनं, आमी कडेनं."

ती त्याला टोमणा मारत नव्हती. तिला आठवलं आणि ती बोलली, एवढंच. उत्कर्षला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरांनी फोन करून मोहनसिंगला बोलावून घेतलं. तो बिचारा आपल्या तांड्यावरून मोटरसायकलवर लगोलग आला. पोरांनी त्याला शाळेपाशी घेरलं. डांबर जास्त काहून मारलं, पिऊन गाडी चालवत होता काय, आमच्या वस्तीचा रस्ता म्हणून असं केलं काय, असं ज्याच्या तोंडात आलं तो बोलत होता. मोहनसिंगनं गर्दीच्या डोक्यांवरून उत्कर्षकडे पाहिलं. उत्कर्ष मोबाइल काढून त्यात काहीतरी शोधायला लागला. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

 मोहनसिंग खाली बघून म्हणाला, "चुकलं."

त्याला काहीही विचारलं असतं तरी त्यानं तेच सांगितलं असतं, कारण उद्या पुन्हा याच साहेबाच्या हाताखाली त्याला गाडी चालवायची होती. हे उत्कर्षला पक्कं माहीत होतं, आणि तरी तो मूग गिळून बसला. एका वाक्यानं त्या माणसाची सुटका झाली असती. ते वाक्य त्याच्या ओठापर्यंत आलं आणि आपल्या माणसांचे चेहरे बघून परत गिळलं गेलं.

दिवे लागल्यावर विहारासमोर कार्यक्रम झाला. बाया आल्या, पण घरी जाऊन साड्या बदलून आल्या. जयंतीच्या दिवशी वस्तीत हिरव्या, जांभळ्या, फुलाफुलांच्या साड्या दिसत होत्या. संघदीपनं माइक घेऊन सांगितलं की ठेकेदाराच्या माणसांनी आपला घात केला, पण रस्ता विहारापर्यंत आणणारा आपला उत्कर्ष आहे आणि त्याचा सत्कार ठरल्याप्रमाणे होणारच. खांद्यावर शाल पडली. ती त्या उकाड्यात अंगावर नुसती टोचत होती.

उत्कर्षनं माइक हातात घेतला. तो सांगायचं ठरवूनच उठला होता, एवढं खरं. म्हणाला, "काम माझ्या देखरेखीखाली झालं. जे झालं त्याची जबाबदारी माझी आहे. मोहनभाऊंना कोणी बोलू नका, चूक माझी आहे."

आणि टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. बघा, याला म्हणतात मोठं मन, खालच्या माणसाची चूक आपल्या अंगावर घेतली, असं संघदीप माइकवर म्हणाला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. उत्कर्ष उभा होता. नाही, तसं नाही, मी मुद्दाम सांगितलं होतं, असं म्हणायला अजूनही वेळ होता. त्याच्या बोलण्यातलं वाक्य न् वाक्य खरं होतं आणि सगळं मिळून खोटं झालं होतं. ते तसं व्हावं म्हणूनच आपण असे शब्द निवडले, हे त्याला टाळ्या थांबायच्या आत कळलं. तो हात जोडून खाली बसला.

घरी आल्यावर रत्नमालाबाईंनी ताट वाढलं. शाल त्यांनी घडी न घालता खाटेवर टाकून दिली. त्यांच्या साडीवरही छातीपाशी शिंतोडे उडाले होते आणि ती साडी कोपऱ्यात बादलीत पडली होती. 

"मोहनसिंगनं तुले इचारलं होतं," त्या म्हणाल्या. "चुरी टाकाची काय म्हणून. मी तती उभीच होती, चहा घेऊन."

उत्कर्षनं घास ताटात परत ठेवला.

"मले वाटलं आता तरी सांगशीन. तू बोलला, लोकायनं टाळ्या वाजवल्या, अन् तू बसून गेला." एवढं बोलून त्या उठल्या आणि आत गेल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर निदान त्याला भांडता आलं असतं.

सकाळी ऊन चढायच्या आत तो शाळेपाशी आला. मोहनसिंग त्याच्या आधीच येऊन चुरीच्या ढिगापाशी घमेली लावत होता.  चुरी टाकायला लागायच्या आधी उत्कर्ष लिलाबाईच्या घरी गेला. ती अंगणात खाटेवर बसली होती. लुगडं मांडीवर पसरलेलं, शेजारी तेलाची वाटी, आणि एका बोटानं ती एकेक डाग चोळत होती.

"आजी, मले द्या. मी धुऊन आणतो."

"बस," ती म्हणाली. "चहा घेशीन?"

तो बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. वरचा हात आपण मारायला लावला. चुरी आपण टाकू दिली नाही. उन्हात काय होणार ते माहीत होतं. दुपारी बोट लावून पाहिलं होतं तरी झाकलं नाही. मोहनसिंगचा काडीचा दोष नाही. सांगताना त्याची नजर तिच्या लुगड्यावरच्या पंजावरून हलत नव्हती.

लिलाबाईचं बोट थांबलं. "काहून केलं मंग?"

"काळा दिसावा म्हणून."

"कोणाले?"

 "गावाले," तो म्हणाला. "आपल्या लोकायले."

 अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, त्यांना म्हातारीनं आज हाकललं नाही. मग म्हणाली, "माह्या मायनं पांढरं लुगडं नेसलं ना बापू, थे कोणाले दाखवाले नाही नेसलं. तिले सोताले पाहाचं होतं, आपण पांढऱ्यात कसे दिसतो थे." तिनं लुगड्याची घडी घातली, डाग आत न लपवता, तशीच. "हे मी धुवाले देत नाही. फिकं होईन, पण जाणार नाही. पुढच्या जयंतीले हेच नेसीन."

"आजी, मी नवं आणतो."

"नोको." ती उठली आणि घडी आत ठेवून आली. "अन् मले एकटीले सांगून मोकळा होऊ नोको. ज्यानं शिव्या खाल्ल्या त्याच्या देखत सांग, ज्यायनं देल्ल्या त्यायले."

उत्कर्ष परत शाळेपाशी आला. काल मोहनसिंगला घेरणारी पोरं आता फावडी घेऊन मदतीला आली होती. संघदीप त्यांना कामं वाटून देत होता आणि मोहनसिंगशी मुद्दाम बोलत नव्हता. उत्कर्षनं सगळ्यांना थांबायला सांगितलं. या वेळी माइक नव्हता. त्यानं शब्द निवडले नाहीत, ग्रुपवरच्या फोटोपासून सुरुवात करून बोट दगडाला पुसल्यापर्यंत सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग मोहनसिंगकडे वळून म्हणाला, "काल मी मोबाइलमधी पाहत बसलो, मोहनभाऊ. तुमी माह्याकडे पाहून राह्यले होते तवा."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पोरं पायाखाली बघत उभी राहिली. संघदीपनं एकच विचारलं, "ढीग तं हा इथंच होता. दुपारी काहून नाही टाकली?"

"मंग काळा दिसला नसता."

संघदीप त्याच्याकडे असा बघत राहिला जसं पहिल्यांदाच बघतोय.  त्यानं फावडं उचललं, मोहनसिंगच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याचं घमेलं भरायला लागला. पुढे कामभर तो मोहनसिंगशी बोलला, उत्कर्षशी नाही.

"चला साहेब," मोहनसिंग म्हणाला. "ऊन चढून राह्यलं."

ते शाळेपासून विहाराकडे चुरी टाकत गेले. डांबर चुरी पीत गेलं आणि रस्ता मागे मागे करडा होत गेला, पहिल्या दिवशी होता तसाच, खरखरीत आणि धड. मोहनसिंगनं चपला काढून त्यावर चालून पाहिलं. पाय चिकटला नाही. पोरंही त्याच्या मागे चालून आली आणि दोघं-तिघं तर मुद्दाम पळून आले.

दुपार व्हायच्या आधी लिलाबाई रोजच्यासारखी विहारात जायला निघाली. अंगावर घरातलं चौकड्याचं लुगडं होतं. उत्कर्ष घमेलं खाली ठेवून बाजूला सरकला आणि म्हणाला, आजी, रस्ता झाला, या आता वरून.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, रस्त्याकडेही पाहिलं. मग पदर सावरून ती कडेच्या धुळीतून चालत गेली.